धुळाप्पाच्या खाटेसमोरची टाकी

धाराशिवच्या बसस्थानकामागच्या बोळात राजपाल ओव्हाळचं रंगीत माशांचं दुकान आहे. एका शटरचं. आत लोखंडी मांडणी, मांडणीवर काचेच्या टाक्या, गल्ल्याच्या वर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. पहिल्यांदाच टाकी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला राजपाल टाकी देतो, मोटर देतो, फिल्टर देतो, खडे चाळून देतो. मासे देत नाही.

"मासं?" गिऱ्हाईक विचारतं.

"पाणी जुनं झाल्यावर या."

मागं तेरखेड्याचा एक फटाकेवाला आला होता. नवं घर बांधलेलं, दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. टाकी पॅक झाली तरी तो तिथंच उभा.

"पाव्हणे येणार हो उद्या. मोकळी टाकी काय दाखवू त्यांना? पाणी?"

"पाणीच दाखवा."

"पाण्यात काय बघायचं?"

"तुम्ही ओल्या दारूचा फटाका विकता का?"

"छ्या! वाळवावा लागतो."

"पाण्याचं बी तसंच हाय. आज भरलेलं पाणी कच्चं असतं. मासा त्यात राहतो, खातो, घाण करतो. त्या घाणीचं इख होतं. ते इख खाणारा एक चिकटा फिल्टरच्या स्पंजात अन् खड्यांवर धरावा लागतो. त्याला दिवस लागत्यात. घाई केली की मासा मेला."

"मेला तर मेला. घरावरचं संकट घेऊन जातो म्हणत्यात."

"काय घेऊन जात न्हाय. गुदमरून मरतो."

फटाकेवाला टाकी उचलून गेला आणि मासे दुसऱ्या दुकानातून घेऊन गेला. आतल्या बाजूला जाळ्या धूत बसलेली राजपालची बायको क्षमा म्हणाली, "घालवलं का आणखी एक? पाटी लावा बाहेर, इथं मासं मिळत न्हाईत म्हणून."

राजपाल टाकीच्या तळाची घाण नळीनं ओढत होता. हे काम तो रोज करायचा, प्रत्येक टाकीचं, गिऱ्हाईक असो नसो. दुखणेकरी मासा दिसला की वेगळा काढायचा आणि त्या टाकीवर फडकं टाकायचा. फडकं असेपर्यंत त्या टाकीतला एकही मासा विकायचा नाही. कुणी मेलेल्या माशाची तक्रार घेऊन आलं की तो आधी विचारायचा: काय घातलं खायला, पाणी कधी बदललं, स्पंज कशानं धुतला. मग तोंडावर सांगायचा, "तुमच्या हातानं मेला." गिऱ्हाईक टिकावं अशी ही रीत नव्हती. तरी काही टिकली होती. ज्यांचे मासे वर्षानुवर्षं जगले ती.

दुकानाच्या आधी राजपाल ढोकीला साखर कारखान्यात बॉयलरवर होता. तिथंच धुळाप्पा शेंडगे गव्हाणीवर होता. उसाच्या मोळ्या गव्हाणीत पडतात तिथं उभं राहून आडवा पडलेला ऊस आकड्यानं सरळ करायचा, हे त्याचं काम. ते काम चाळीशीनंतर अंगाला झेपत नाही. धुळाप्पानं ते शेवटच्या हंगामापर्यंत केलं. जात धनगराची, बाप मेंढरांमागं फिरलेला. जेवणाच्या सुट्टीत दोघांचे डबे एकत्र उघडायचे. निवृत्त झाल्यावर दोघंही धाराशिवला आले. धुळाप्पाचा मुलगा शिवराज यानं बार्शी नाक्याच्या पुढं दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. तो ट्रॅक्टरवर असायचा, हंगामात ऊस ओढायला जायचा.

बाजारच्या दिवशी धुळाप्पा दुकानात येऊन स्टुलावर बसायचा.

"राज्या, खायचं मासं माहीत होतं. ही बघायची मासं कुठनं काढलीस?"

"तू मेंढरं बघतच बसायचास की."

"मेंढराला लोकर असती. ह्याचं काय कातरतूस?"

गिऱ्हाईक समोर असलं की त्याला जास्तच चेव यायचा. "ह्याच्याकडनं मासं घेऊ नगा, लेकीचं स्थळ बघावं तसं तुमचं घर बघाया येईल." राजपाल म्हणायचा, "तोंड बंद ठेव, मासं भितात." पण ज्या बाजारी धुळाप्पा आला नाही, त्या दिवशी स्टूल कुणाला द्यायचा नाही.

उन्हाळा संपता संपता धुळाप्पा न्हाणीत पडला. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा समजत सगळं होतं, बोलता काही येत नव्हतं. घशातून नुसता एक आवाज निघायचा, तो ऐकून धुळाप्पा स्वतःच दचकायचा. मग त्यानं आवाज काढणंही सोडलं.

राजपाल भेटायला गेला. पुढच्या खोलीत खाट, खाटेसमोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर आणि विजेचा बोर्ड. धुळाप्पाची बायको तोळाबाई उशाशी बसलेली.

"दिसभर त्या भिंतीकडं बघत्यात, भावजी," ती म्हणाली. "भिंतीत काय हाय?"

राजपालनं धुळाप्पाच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते डोळे आधीचेच होते, कोपऱ्यात चेष्टा असलेले. त्यांना बघायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सायकलवर टाकी बांधून तो आला. भिंतीलगत स्टँड ठेवला, हलतो का पाहिलं, त्याच्या पायाखाली पत्र्याची चकती सारली, वरची फळी सपाट आहे का ते पाणसळ लावून बघितलं. वर थर्माकोल, त्यावर टाकी. खडे बादलीत पुन्हापुन्हा धुतले, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. नळाला पाणी आठवड्यानं येतं, ते बॅरलमध्ये साठवलेलं, त्याला ब्लिचिंगचा वास. वास जाईपर्यंत बॅरलचं झाकण उघडं ठेवायला लावलं. मग टाकीत ताटली ठेवून ताटलीवर तांब्या तांब्यानं पाणी ओतलं, म्हणजे खडे उसकटत नाहीत. कुणाला हात लावू दिला नाही. धुळाप्पा सगळं बघत होता. शेवटी मोटर सुरू झाली आणि पाण्यात बुडबुडे चढू लागले.

मासे नाहीत.

धुळाप्पाला भेटायला येणारी माणसं आधी त्याच्याकडं बघायची, मग टाकीकडं.

"मासं कुठं हाईत?"

"भावजी म्हणत्यात पाणी तयार व्हायचंय," तोळाबाई सांगायची.

"मग झाकण ठेवा की, लवकर शिजंल!"

राजपाल दोन-तीन दिवसांनी यायचा, छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचा आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचा. हिरवा रंग आला, म्हणजे इख अजून आहे, की नाही म्हणून मान हलवायचा. धुळाप्पा त्या बाटलीची वाट बघू लागला. एक दिवस रंग पिवळा राहिला. आणखी काही दिवस गेले, पिवळाच राहिला. तेव्हा राजपालनं मासे आणले. मॉली आणि प्लाटी. धाराशिवच्या जड पाण्याला हेच चांगले. पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, वाटीनं थोडंथोडं टाकीचं पाणी पिशवीत घातलं आणि मासे आपोआप बाहेर पडेपर्यंत तो वाकून उभा राहिला.

धुळाप्पाचं अर्धं तोंड हसलं.

राजपालनं धुळाप्पाची सून अयोध्या हिला बजावलं. चिमटीभर खाणं, तेही एकदाच. स्पंज साबणानं धुवायचा नाही, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. मोटर बंद करायची नाही. लाइट गेली तर तांब्यानं पाणी वरून ओतत राहायचं.

"माझ्या लेकराला एवढं जपलं न्हाय, काका," अयोध्या म्हणाली. पण तिनं सगळं केलं, सांगितलं तसंच.

धनगर मेंढरं मोजत नाही, ओळखतो. धुळाप्पानं आठ दिवसांत मासे ओळखले. राजपालनं त्यांना मेंढरांचीच नावं दिली. पांढऱ्या डागाची ती बांडी, शेपूट फाटलेली ती लांडी.

"लांडी कुठाय?"

धुळाप्पाचा डावा हात उठायचा आणि बोट बरोबर तिच्यावर. ती फिल्टरमागं असली तरी. पाहुण्यांना हा खेळ दाखवायला तोळाबाईला फार आवडायचं. "इचारा, इचारा त्यांना," ती म्हणायची, आणि धुळाप्पा तिच्याकडं बघून डोळा मिचकवायचा. लग्नाच्या नवऱ्यानं चारचौघांत डोळा घातला म्हणून ती लाजायची.

गणपतीच्या सुमाराला पोटुशी असलेली एक प्लाटी पिलं देऊन मेली. असं होतं. राजपालनं ती जाळीनं काढली. त्याच दुपारी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या पोरानं धुळाप्पाचा उजवा हात ओढला आणि अंगठा हलला. थोडाच. पण सगळ्यांनी पाहिला.

तोळाबाईनं टाकीला हात जोडले.

"घेऊन गेली, भावजी. ह्यांचं दुखणं घेऊन गेली."

"वहिनी, अंगठा व्यायामानं हलला."

"रोजच करतूय की तो व्यायाम. मग आजच कसा?"

राजपाल जाळी धुवायला लागला. "तुमच्यात मानत न्हाईत," ती म्हणाली, "आमच्यात मानत्यात." त्यात वैर नव्हतं. ती आनंदात होती. राजपालनं तो विषय तिथंच सोडला.

काही दिवसांनी ती एकटीच दुकानात आली. आयुष्यात पहिल्यांदा. पदरात भुईमुगाच्या शेंगा.

"भावजी, अजून मासं द्या. ह्यांना लई बरं वाटतं बघाया."

राजपालला बरं वाटलं. त्यानं निवडून निवडून धडधाकट मॉली दिल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो विचारतो ते तिला विचारलं नाही: आधीचे किती आहेत, का कमी झाले. धुळाप्पाची बायको, तिला काय विचारायचं? क्षमानं शेंगा ठेवून घेतल्या, चहा केला.

पंधरवड्यात तोळाबाई पुन्हा आली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी राजपालनं विचारलं, "टाकीत जागा हाय का? मागचं कुठं गेलं?"

"मेलं की," ती सहज म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून, "मेलं थोडंफार. मासंच ते."

राजपालनं शटर अर्धं ओढलं आणि सायकल काढली.

धुळाप्पाच्या टाकीत पाणी नितळ होतं. थेंब टाकले, पिवळा रंग. स्पंज जुना, चांगला. तरी तीन मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. बांडी नव्हती. लांडी नव्हती. असं पाण्यानं होत नाही. मोटर बंद राहिली, माशांची दाटी असली आणि वरून कुणी झाकण लावलं की होतं. अयोध्या त्याला बाहेर घेऊन गेली. धुण्याच्या दगडापाशी.

"काका, म्या सांगितलं म्हणून सांगू नगा. आत्या मोटर बंद करत्यात. मामा दुपारी झोपले की. वर पाट ठेवत्यात. एखादा मेला की पाट काढत्यात, मोटर लावत्यात."

"तू बोलली न्हाईस?"

"बोलले. म्हणाल्या, तुझा बाप असता तर तू काय केलं असतंस?"

तोळाबाई गल्लीच्या तोंडाशी आली होती. राजपाल तिच्याकडं चालत गेला. त्याला राग होता, आणि बोलायला सुरुवात करताच तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

"वहिनी, जीव गुदमरवून मारताव तुम्ही."

"मारते," ती म्हणाली. "कोंबडं न्हाय का कापत? देवाला बकरू न्हाय का देत?"

"त्यानं त्याचं दुखणं जात न्हाय."

"मग कशानं जातं? सांगा. डाक्टरनं हात वर केलं. तुम्ही सांगा कशानं जातं, ती करते."

राजपाल सायकलीकडं वळला.

"तुमचं मासं तुम्हाला लई प्यारं, भावजी. मला माझा माणूस."

"त्याला बघाया आणलेत ती मासं. त्याच्या डोळ्यांदेखत मरत्यात."

"ते झोपलेले असत्यात," ती म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांदेखत न्हाय करत. तेवढं कळतं मला."

"आता माझ्याकडनं एक मासा मिळायचा न्हाय."

तो सायकलवर बसला. क्षमाला त्यानं सगळं सांगितलं. क्षमानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "बाईला आशा तरी होती." त्यावर राजपाल ताटावरून उठला.

तोळाबाईनं मासे दुसऱ्या दुकानातून आणले. त्या दुकानात कुणी काही विचारत नाही. पिशवी कापली आणि पाण्यासकट टाकीत ओतली. त्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके होते. अयोध्याला ते रंग वाटले. हा रोग एका माशाला असला की सगळ्यांना होतो. अयोध्यानं निरोप धाडला तोवर टाकीत खड्यांवर अंग घासणारे, कलंडलेले, वर आलेले मासे होते. राजपालनं औषध टाकलं, पाणी बदललं, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खेपा घातल्या. एकही वाचला नाही. बॅरलजवळ खड्डा करून त्यानं ते पुरले. टाकी रिकामी केली, खडे आणि फिल्टर जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकले. स्पंज जाळला. टाकी मात्र स्टँडवर तशीच ठेवली, उचलायचा जीव होईना.

एवढे मासे गेले, आता तर हात उचलला पाहिजे, असं तोळाबाई धरून चालली होती. तिनं खाटेजवळ बसून वाट पाहिली. धुळाप्पाचा हात हलला नाही. उलट आणखी एक गोष्ट झाली. ती कालवलेला भात घेऊन आली की तो तोंड उघडायचा आणि डोळे मिटायचा. घास संपेपर्यंत मिटलेले. ती उठून गेली की उघडायचे. अयोध्या भरवायला बसली तर उघडेच असायचे.

तोळाबाई पुन्हा दुकानात आली. पदरात काही नव्हतं.

"माझ्याकडं बघतच न्हाईत, भावजी. दुखणं वाढलं का?"

मासे मेल्याचा राग धुळाप्पा तिच्यावरच धरून आहे, हे राजपालला तेव्हा समजलं.

वेळ अमावस्येला, मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या दिवशी, सगळं धाराशिव शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते मोकळे. शेंडग्यांचंही थोडं शेत होतं, पूजा चुकवता येत नव्हती. राजपाल म्हणाला, तुम्ही जा, मी बसतो धुळाजवळ. तोळाबाई आणि अयोध्या आंबिलीचं मडकं, सगळ्या भाज्यांची भज्जी, भाकरी डालीत घालून गेल्या. घरात दोघंच राहिले.

राजपाल खाटेशेजारी बसला. मनात ठरवून आला होता.

"धुळा, मासं माझ्या हातानं मेलं. पाणी मी नीट तपासलं न्हाय. त्यातच रोग आला."

धुळाप्पानं त्याच्याकडं पाहिलं. मग डावा हात उचलला आणि बोट भिंतीवर रोखलं. विजेच्या बोर्डावर. मोटरच्या बटणावर. बोट वर नेलं, जसं बटण बंद करताना वर ढकलतात तसं. पुन्हा दाखवलं.

तो झोपलेला नव्हता. एकदाही नव्हता. बायकोनं बटण बंद केलेलं, पाट ठेवलेला, बांडी वर आलेली, लांडी वर आलेली, सगळं त्यानं खाटेवर पडून पाहिलं होतं. ओरडायला वाचा नव्हती आणि उठायला अंग नव्हतं.

राजपालनं आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते या माणसाला, आणि ते क्षणभरही टिकलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. प्लाटी मेली त्या दिवशी अंगठा हलला ते. तोळाबाईनं टाकीला हात जोडले ते. मासा मेला की तुझं दुखणं नेतो असं ती समजते, म्हणून करत होती.

"चुकीचं केलं तिनं. पण तुझ्यासाठी केलं, धुळा. दुसऱ्या कशासाठी न्हाय. तिच्याकडं बघत न्हाईस तू. ती सुकत चालली."

धुळाप्पाच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, मग उजव्यातून. राजपालनं पुसलं नाही. पुसलं असतं तर त्याला आवडलं नसतं. थोड्या वेळानं डावा हात पुन्हा उठला. बोट रिकाम्या टाकीवर गेलं, तिथून दोरीवर वाळत घातलेल्या तोळाबाईच्या लुगड्यावर. टाकी. लुगडं. टाकी.

"पुन्हा लावू म्हणतूस?"

डोळे मिटून उघडले. होय.

"तिनं लावावी?"

पुन्हा होय.

संध्याकाळी तोळाबाई शेतातून आली तेव्हा राजपालनं तिला एवढंच सांगितलं, "धुळा म्हणतो टाकी तुम्ही लावायची. मी हात लावणार न्हाय. सांगेन तेवढंच."

"ते म्हणत्यात?"

"विचारा त्यालाच."

तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती खडे धुवायला बसली. राजपाल उंबऱ्यावर बसून सांगत होता आणि काम नीट होईस्तोवर पुढचं सांगत नव्हता. "अजून गढूळ हाय." ती पुन्हा धुवायची. "अजून." तिनं बॅरलमधून पाणी काढलं, ताटलीवर ओतलं, स्टुलावर चढून पाइप बसवला, नवा स्पंज लावला. कंबर धरली की थांबायची, पुन्हा सुरू करायची. बटण दाबलं ते तिनंच.

तिनं मागं वळून खाटेकडं पाहिलं. धुळाप्पा तिच्याकडं बघत होता.

"पाणी कधी तयार होईल?" तिनं राजपालला विचारलं.

राजपालनं पहिल्यांदाच तिला सगळं समजावलं. चिकटा कसा धरतो, तो काय खातो, त्याला दिवस का लागतात.

"म्हंजी विरजण लागावं तसं."

"तसंच."

"मग तुमच्या दुकानात हाय की विरजण. जुन्या स्पंजाचा तुकडा घाला ह्याच्यात."

ती बरोबर बोलत होती. असं करतात. जुना स्पंज टाकला तर दोन-चार दिवसांत मासे सोडता येतात. राजपाल विचारात पडला. दुकानात सोलापूरहून नवा माल आला होता. एका टाकीवर फडकं पडलेलं होतं. स्पंजाबरोबर रोग आला तर? धुळाप्पाच्या समोर पुन्हा एक मासा वर तरंगला तर?

"न्हाय, वहिनी. पुन्हा मरताना दाखवायचं न्हाय त्याला. थांबू."

"थांबू," ती म्हणाली.

मग ती रोज टाकीपाशी असायची. काच पुसायची, उडालेलं पाणी भरायची, चिमूटभर खाणं नुसत्या पाण्यात टाकायची, कारण चिकट्यालाही खायला लागतं असं राजपालनं सांगितलं होतं. बाटली घेऊन स्वतः थेंब टाकायला शिकली. रंग आला की बाटली धुळाप्पाच्या डोळ्यांसमोर धरायची.

"हिरवाच की हो अजून."

तो बाटलीकडं बघायचा आणि मग तिच्याकडं. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं. बुडबुडे होते आणि ती होती. ती भरवायला बसली की त्याचे डोळे उघडे असायचे. एका दुपारी राजपाल आला तेव्हा ती स्टुलावर चढून पाणी ओतत होती आणि धुळाप्पानं राजपालकडं बघून डोळा मिचकवला. बघ, कामाला लावली. तिच्या पाठीमागं.

संक्रांत झाली. हिरवा फिका होत चालला होता. राजपालनं दुकानात एक वेगळी टाकी धरली होती, तिच्यात चार काळ्या मॉली आणि एक शेपूट फाटलेली. रोज बघायचा, ठिपका नाही, सुस्ती नाही. गिऱ्हाइकानं मागितल्या तर म्हणायचा, दिलेल्या आहेत.

एका सकाळी शिवराजचा फोन आला. ऊस खाली करून परस्पर घरी आला होता. "काका, आबा गेले. झोपेतच." राजपालनं शटर उचललेलं तसंच खाली ओढलं.

मातीला कारखान्यातली जुनी माणसं आली. राजपालनं खांदा दिला आणि वाटेत खांदा बदलू दिला नाही. त्याच्या वयाला ते झेपणारं नव्हतं, कुणीतरी दोनदा पुढं झालं, त्यानं मान हलवली.

सुतकाचे दिवस झाल्यावर राजपाल त्यांच्या घरी गेला. खाट बाहेर काढून भिंतीला उभी केली होती. पुढची खोली मोठी दिसत होती. टाकी चालू होती. तोळाबाई जमिनीवर बसली होती, खाटेच्या जागी.

"भावजी, विरजण घातलं असतं तर?"

राजपाल उभाच राहिला. तिला खोटं चाललं नसतं आणि त्याला ते जमतही नव्हतं.

"तर त्यानं मासं बघितलं असतं."

"आणि रोग आला असता तर?"

"तर मेलेलं बघितलं असतं."

"मग तुम्ही केलं तेच बरं केलं?"

"मला ठाऊक न्हाय, वहिनी. रोज इचारतो मी मलाच."

अयोध्यानं चहा आणला. दोघांनी तो घेतला नाही. तोळाबाई उठली, स्टँडखालची बाटली घेतली, टाकीतलं पाणी भरलं, थेंब टाकले. सवयीनं हलवली. मग बाटली धरायला समोर खाट नव्हती. तिनं ती राजपालकडं दिली.

पाणी पिवळं राहिलं होतं.

"झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

ती पुन्हा खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर घेतला.